प्रतिकारशक्ती कमी, मग तीच दाबायची गोळी कशाला?

पत्र

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. द्राक्षबाग आहे, कांदा असतो, कांदा साठवायची चाळ अंगणालगतच आहे. जन्मल्यावर बीसीजी दिली त्या बाजूच्या काखेत त्याला गाठ येऊन फुटली होती. तिसऱ्या वर्षी मानेच्या गाठींसाठी टीबीची औषधं झाली. पाचव्या वर्षी यकृतात पू झाला, तेव्हा मुंबईला परळला तपासणी होऊन सीजीडी हा जन्मजात आजार निघाला. तेव्हापासून दोन औषधं रोज चालू आहेत आणि तो छान होता. या जुलैपासून पोटात कळा येतात, दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं, शेम आणि रक्त पडतं. तपासणीत जंतू निघाला नाही. दुर्बिणीतून पाहिल्यावर आतड्याला सूज आणि ग्रॅन्युलोमा आहेत म्हणाले. स्टेरॉइड सुरू केलं, दहा दिवसांत फरक पडला. पण दीर म्हणतात, पोराची प्रतिकारशक्ती आधीच कमी, त्यात ती दाबायची गोळी देता, डॉक्टर चुकतायत. दीड महिना दिल्यावर चार दिवसांपूर्वी आम्ही ती बंद केली, गुळवेलीचा काढा सुरू केला. सासूबाई म्हणतात, आजार माहेरचा आहे. माझा भाऊ चार वर्षांचा असताना गेला, टीबी म्हणाले होते. धाकटी बहीण येवल्याला दिली आहे, तिला सातवा महिना आहे. तिला सांगू की नको? मला स्वतःला सारखं तोंड येतं, उन्हात गालावर चट्टे उठतात, पण ते जुनंच आहे. प्रतिकारशक्ती कमी असेल तर ती वाढवायची की दाबायची, एवढं समजावून सांगा.

एक आई, निफाड तालुका

उत्तर

ताई, पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन करून गोळीचं सांगितलं. ते इतर वाचकांसाठीही लिहिते, कारण ही चूक घरोघरी होते. स्टेरॉइड काही आठवडे पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं काम मंदावतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथी जणू झोपी जातात. अशा वेळी गोळी एकदम थांबवली, तर मूल गळून जातं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो. गोळी बंद करायचीच असेल, तर ती डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. तुम्ही त्याच रात्री डॉक्टरांशी बोललात, मुलाला दाखवलंत, हे फार चांगलं केलंत.

आता तुमचा प्रश्न. तो अडाणीपणाचा नाही. हा आजार पहिल्यांदा पाहणारे डॉक्टरही तिथेच अडखळले होते. १९५४ साली अमेरिकेत अशा मुलांची नोंद झाली, तेव्हा कोडं हेच होतं की त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून पकडणारी प्रथिनं, कमी नव्हती, उलट भरपूर होती, आणि तरी मुलांना एकामागून एक पुवाच्या गाठी होत होत्या. पुढे आजाराला जे नाव पडलं त्यात ‘जीवघेणा’ हा शब्द होता. उपचार सापडत गेले तसा तो गळून पडला आणि आज उरलं आहे ते क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे तुमच्या कागदावरचं सीजीडी.

शाळेच्या पुस्तकापासून आपण पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणत आलो. मला वाटतं, तुमच्या घरातल्या गोंधळाचं मूळ त्या उपमेत आहे. सैनिक म्हटलं की आपण मोजायला लागतो: कमी आहेत, वाढवा. तुमच्या मुलाच्या पेशी मोजून पाहा, त्या कमी नाहीत. बहुतेक रिपोर्टांत त्या जास्तच असतील. मोडलंय ते वेगळंच.

पांढऱ्या पेशींतली एक जात म्हणजे न्यूट्रोफिल. मोठ्या माणसाच्या हाडांतल्या मगजात या पेशी रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात आणि रक्तात जेमतेम एखादा दिवस राहतात. जंतू दिसला की न्यूट्रोफिल त्याला गिळते आणि पोटातल्या एका पिशवीत कोंडते. त्या पिशवीच्या भिंतीवर एक यंत्रणा जुळून उभी राहते, तिचं नाव एनएडीपीएच ऑक्सिडेज. ती प्राणवायूपासून सुपरऑक्साइड नावाचा जहाल पदार्थ बनवते, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि त्यातून पुढे हायपोक्लोरस आम्ल. ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा पाण्यात जे तयार होऊन जंतू मरतात, तोच हा पदार्थ. म्हणजे आपल्या प्रत्येक न्यूट्रोफिलमध्ये टीसीएलची चिमूट बनवायची सोय आहे. तुमच्या मुलाच्या न्यूट्रोफिलमध्ये ती नाही. त्या यंत्रणेचा एक भाग ज्या जनुकावरून बनतो, ते जनुकच बिघडलेलं आहे. पेशी धावते, गिळते, कोंडते, पण जंतू आत जिवंत राहतो.

एवढं बहुतेक पालकांना सांगितलं जातं. पुढचं अर्धं राहून जातं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्यात आहे.

ती चिमूट फक्त जंतू मारायला नसते. ‘काम झालं, आता थांबा’ हा निरोपही तीच देते. जंतू आल्यावर पेशी रसायनं सोडून आणखी पेशी बोलावतात, तिथे सूज येते, लाली येते, दुखतं. यालाच दाह म्हणतात आणि तो हवाच. पण काम झाल्यावर न्यूट्रोफिलने वेळेवर मरायचं असतं, मागून येणाऱ्या मोठ्या भक्षक पेशींनी तिला गिळून जागा स्वच्छ करायची असते आणि बोलावण्याची रसायनं थांबायची असतात. सुपरऑक्साइडपासून बनणारे पदार्थ हे सगळं घडवून आणायला मदत करतात. ते नसले की न्यूट्रोफिल लवकर मरत नाही, मेली तरी नीट उचलली जात नाही आणि बोलावणं चालूच राहतं. पेशींवर पेशी येतात, एकमेकींना चिकटून गोळा होतो. तोच ग्रॅन्युलोमा.

पावसाळ्यात आपण नाशिककर गंगापूर धरणाच्या विसर्गाकडे डोळे लावून बसतो ना? दरवाजे उघडणं गरजेचं असतं, नाहीतर धरणाला धोका. पण ते वेळेवर खालीही यावे लागतात. तुमच्या मुलाच्या शरीरात दरवाजे उघडतात, खाली उतरवणारी साखळी तुटलेली आहे. आणि जंतू मारायला जी साखळी लागते, तीच ही. म्हणून एकाच मुलाला एकीकडे संसर्ग लवकर होतो आणि दुसरीकडे, जंतू नसतानाही, दाह पेटलेला राहतो. हे दोन आजार नाहीत. एकाच बिघाडाचे दोन परिणाम आहेत.

‘जंतू नसतानाही’ हे मी अंदाजाने लिहीत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सीजीडी असलेल्या उंदरांच्या फुप्फुसात मारून टाकलेली बुरशी सोडली होती. मेलेली, वाढू न शकणारी. निरोगी उंदरांनी ती निस्तरली. सीजीडीच्या उंदरांच्या फुप्फुसात मात्र दाह उसळला आणि आठवडे उलटले तरी निवला नाही. तिथे मारायला काही उरलंच नव्हतं. थांबता येत नव्हतं, एवढंच.

आतड्यात हे का पेटलं, तेही यावरून कळतं. आतड्यात असंख्य जिवाणू कायम वस्तीला असतात आणि भिंतीपाशी लहानसहान चकमकी रोज होतात. तुमच्या-माझ्या आतड्यात त्या लगेच मिटतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या मुलाच्या आतड्यात त्या मिटत नाहीत. सीजीडीच्या मुलांत आतड्याचा दाह वारंवार दिसतो, यंत्रणेचा मुख्य भाग मोडलेल्या मुलांत तर अधिकच. काही मुलांत जठराचं तोंड किंवा लघवीची वाट ग्रॅन्युलोमाने अरुंद होते. जेवल्यावर लगेच ओकारी किंवा लघवीला जोर करावा लागणं असं कधी झालं, तर ते पोट बिघडल्याचं समजू नका.

आता गोळी. स्टेरॉइड ते दरवाजे हाताने खाली आणतं. ते तुमच्या मुलाची जंतू मारायची ताकद काढून घेत नाही का? थोडी घेतं, हे खरं आहे, आणि दिरांची काळजी तिथे चुकीची नाही. म्हणूनच रोजची दोन औषधं, जिवाणूंसाठी कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल, स्टेरॉइड चालू असताना एक दिवसही चुकता कामा नयेत. आतड्याचा दाह तसाच ठेवला तर काय होईल, हेही दिरांना सांगा. रक्त जाईल, वजन उतरेल, उंची खुंटेल, आतडं चिकटून अरुंद होईल. आणि जखमी आतड्यातून जंतू रक्तात शिरायला वाट मिळेल. आग चालू ठेवून ताकद वाढत नाही.

औषधांच्या काही गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण तुम्ही निफाडला दाखवता, कधी नाशिकला, कधी मुंबईला, आणि सगळ्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या माहीत असतातच असं नाही. इट्राकोनाझोल काही स्टेरॉइडांची रक्तातली पातळी वाढवतं. आतड्याच्या सुजेसाठी दिलं जाणारं ब्युडेसोनाइड हे त्यातलं ठळक. एरवी सौम्य समजली जाणारी ती गोळी इट्राकोनाझोलबरोबर जोरदार होऊन बसते, चेहरा सुजतो, ग्रंथी झोपतात. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल जेवणाबरोबर द्या, आणि पित्ताची गोळी स्वतःहून देऊ नका. पोटातलं आम्ल कमी झालं की कॅप्सूल अंगी लागत नाही. आणखी एक. आतड्याच्या दाहासाठी इतर रुग्णांना टीएनएफ हे दाह पेटवणारं रसायन रोखणारी इंजेक्शनं सर्रास दिली जातात, इन्फ्लिक्सिमॅब त्यातलं एक. सीजीडीच्या रुग्णांत त्यांनी आतडं सुधारलं, पण गंभीर संसर्ग होऊन मृत्यूही झालेले आहेत. कोणी सुचवलं, तर ‘सीजीडीच्या डॉक्टरांशी बोलूनच’ असं ठामपणे म्हणा. एवढं म्हणायचा अधिकार आईला आहे.

गुळवेल बंद करा. परंपरेबद्दल मला अनादर नाही, पण तुमच्या मुलाला प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या कुठल्याही गोष्टीची गरज नाही. त्याची चेतलेलीच आहे, न विझणं हाच त्याचा त्रास आहे. शिवाय गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले आहेत. तुमच्या मुलाचं यकृत एकदा पुवातून गेलं आहे आणि इट्राकोनाझोलचा भारही त्याच्यावरच आहे.

दाह वाढतोय की उतरतोय हे रोज शेम-रक्त पाहून ठरवायची धडपड करू नका, त्यात तुम्हीच झिजाल. पूर किती आला हे नाशिकमध्ये आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो, गुडघ्याला, कमरेला, छातीला. आतड्याचाही तसा एक मारुती आहे: शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. हे प्रथिन न्यूट्रोफिलच्याच आत असतं. ते शौचात जितकं जास्त, तितक्या न्यूट्रोफिल आतड्याच्या भिंतीत उतरलेल्या. ही तपासणी मधूनमधून करून आकडे वहीत लिहिले, की गोळी कधी उतरवायची हे डॉक्टरांना ठरवता येतं आणि पुन्हापुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. रक्तातलं सीआरपी आणि ईएसआर हे दाह दाखवणारे आकडेही लिहीत चला. स्टेरॉइड चालू असताना ताप दबतो, आणि या मुलांत मोठा संसर्गही कधी फारसा ताप न येता वाढतो. मूल नुसतं मलूल आहे, खेळत नाही आणि ईएसआर चढलाय, एवढ्यावरही दवाखाना गाठा.

चाळीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत. मला तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली.

सीजीडीच्या मुलांचा मोठा वैरी अॅस्परजिलस नावाची बुरशी. चाळीतल्या कांद्यावर जी काळी बुरशी धरते, ती याच कुळातली, अॅस्परजिलस नायजर. या मुलांना जास्त छळणाऱ्या तिच्या बहिणी म्हणजे फ्युमिगॅटस आणि निड्युलन्स. त्या कुजणाऱ्या पाल्यात, खतात, ओल्या कडब्यात, सडक्या ढिगात वाढतात. चाळीतला कांदा काढून निवडायला बसता, सडका बाजूला टाकता, शेणखत उपसता, तेव्हा त्यांची बीजं धुरळ्यासारखी उडतात. निरोगी माणूस ती श्वासातून घेतो आणि विसरतो. सीजीडीच्या मुलाला मात्र अशा एका दुपारनंतर काही दिवसांत ताप, धाप आणि दोन्ही फुप्फुसांत पांढरे डाग असं होऊ शकतं, प्राणवायू झपाट्याने उतरू शकतो. त्यावर उपचार काय करतात माहीत आहे? बुरशी मारायचं औषध आणि स्टेरॉइड, दोन्ही एकदम. कारण बुरशीही असते आणि तिच्यावर उसळलेला, न थांबणारा दाहही. दिरांना हे एकच उदाहरण सांगितलंत तरी पुरे.

घर सोडायची गरज नाही. पण चाळ घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवता आली तर हलवा. पुढच्या उन्हाळ्यात कांदा भरायच्या आधी हे घरात बोला. तोवर चाळ भरताना, निवडताना, खत पसरताना, जुनी भिंत पाडताना, माळा झाडताना मुलाला नातेवाइकांकडे नाहीतर शेजारी पाठवा. मास्कवर विसंबून त्याला तिथे उभं करू नका. चाळीत काम केलेल्या माणसाने कपडे बदलूनच त्याला जवळ घ्यावं. शेततळं, विहीर, गोदेचं कुंड यांत पोहणं नको. मातीतल्या आणि साचलेल्या कोमट पाण्यातल्या काही जिवाणूंचा या मुलांना विशेष धोका असतो. शाळा मात्र चालू ठेवा. क्रिकेट खेळू द्या. बाग फुलल्यावर ओळींतून हिंडू द्या, फक्त खाली पालापाचोळा कुजत पडलेला नसावा. इतर मुलांसारखी विषाणूंची साथ आली तर त्याचं शरीर त्या मानाने चांगलं तोंड देतं, कारण ते काम दुसऱ्या पेशी करतात. सर्दी-पडशाला घाबरून त्याला घरात कोंडलंत, तर उलट चाळीजवळच कोंडल्यासारखं होईल.

आता तुमच्याबद्दल, आणि इथे मला माझं एक ओझंही उतरवायचं आहे. १९९०च्या दशकात माझ्याकडे सिन्नरकडचा एक मुलगा यायचा. मानेच्या गाठी. मी टीबीची औषधं दिली, बरं वाटलं, पुन्हा आल्या, पुन्हा दिली. सीजीडीत दाहामुळे ज्या गाठी होतात त्या सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारख्या दिसू शकतात, आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की डोळे तिकडेच वळतात. त्याच्या आईचे दोन भाऊ लहानपणी गेले होते, हे मला तो गेल्यावर कळलं. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून वारंवार आजारी पडणारा मुलगा समोर आला की मी आधी आईला विचारते: ‘तुम्हाला भाऊ किती होते?’

कारण हा आजार बऱ्याचदा एक्स गुणसूत्रावरून येतो. ते जनुक १९८६मध्ये सापडलं. मुलाला एकच एक्स मिळतं आणि ते आईकडून. तुमचा भाऊ चार वर्षांचा असताना गेला आणि तुमच्या मुलाला सीजीडी आहे, तेव्हा ही साखळी तुमच्या आईपासून तुमच्याकडे आली असण्याची शक्यता फार मोठी आहे. सासूबाईंचं म्हणणं इतपत खरं आहे की वाट माहेरची आहे. दोष माहेरचा नाही. दोन एक्सपैकी कुठलं मुलाकडे जाईल, ही आईच्या हातातली चिठ्ठी नसते. सासूबाईंना पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे सोबत न्या आणि हे त्यांच्या तोंडून ऐकवा. तुम्ही घरात कितीही सांगितलंत तरी ती सुनेची बाजूच ठरेल.

तोंड येणं आणि उन्हाचे चट्टे ‘जुनंच आहे’ म्हणून सोडू नका. वाहक बाईच्या, म्हणजे जिच्या दोनपैकी एका एक्सवर हा बिघाड आहे तिच्या, शरीरात काही न्यूट्रोफिल चांगल्या असतात, काही बिघडलेल्या, आणि हे प्रमाण प्रत्येकीत वेगळं. तुम्ही लिहिलेल्या याच दोन तक्रारी वाहक बायकांत नेहमी दिसतात, काहींना ल्युपससारखा (ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) त्वचेचा त्रासही होतो. हाही दाहच आहे, ताई. मुलाचा मोठा, तुमचा लहान. तुमची डीएचआर तपासणी झाली नसेल तर करून घ्या. यात रक्तातल्या न्यूट्रोफिलना चेतवून पाहतात. ज्यांच्यात ती चिमूट बनते, त्यांच्यातला रंग चमकतो. मुलाच्या आलेखात चमकणाऱ्या पेशींचा उंचवटा नसतो, वाहक आईच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात. चांगल्या पेशींचं प्रमाण फार कमी निघालं, तर तुम्हालाही संसर्गाचा धोका असतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, उन्हात बागेत जाताना चेहरा झाका.

बहिणीला सांगायचं की नको? सांगायचं, आणि या आठवड्यात. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. ती वाहक असेल आणि मुलगा झाला, तर त्या बाळाला आजार असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. घाई अशासाठी की आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर दवाखान्यातच देतात. बीसीजीत जिवंत जिवाणू असतात, सीजीडीच्या बाळाला ती देऊ नये. तुमच्या मुलाच्या काखेतली गाठ आठवा. बहिणीची डीएचआर आत्ता, गरोदरपणातही होते, साधं रक्त द्यायचं असतं. ती वाहक निघाली, किंवा तपासणी वेळेत झाली नाही, तर बाळंतपणाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: मुलगा झाल्यास डीएचआरचा रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी देऊ नये. पोलिओसह बाकीच्या लशी सीजीडीत चालतात, त्या थांबवायच्या नाहीत. आणि मुलगा की मुलगी हे आधी विचारत बसू नका. ते बेकायदा आहे, आणि इथे त्याची गरजही नाही.

न्यूट्रोफिल फार काळ टिकत नाहीत, म्हणून डीएचआरचं रक्त ताजं लागतं. बहिणीला घेऊन जाता आलं तर उत्तम. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ही तपासणी होते. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलात की परळ लांब नाही. तिला प्रवास झेपणार नसेल, तर आधी फोन करून कुठल्या ट्यूबमध्ये, किती वेळात पोहोचवायचं ते विचारा आणि एका निरोगी, नात्याबाहेरच्या माणसाचं रक्तही त्याच डब्यातून पाठवा. वाटेत उशीर झाला तर दोन्ही नमुने सारखेच शिळे होतात आणि रिपोर्ट फसवत नाही.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी बोलणार, कारण आतड्याचा दाह सुरू झालेल्या मुलाच्या बाबतीत तो विचार पुढे ढकलू नये असं माझं मत आहे. गोळ्या आग आटोक्यात ठेवतात, पण प्रत्येक नवी न्यूट्रोफिल तोच बिघाड घेऊन जन्मते. मगज बदलला तर जंतू मारणं आणि थांबणं, दोन्ही परत येतं, आणि आतड्याचा दाहही निवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुना मगज हटवायला आधी दिल्या जाणाऱ्या औषधांचा मारा सौम्य ठेवून ५६ सीजीडी रुग्णांचं प्रत्यारोपण केलं होतं, त्यांतले ९३ टक्के वाचले. त्यांत मोठ्या वयाचे आणि दाह असलेले रुग्णही होते. धोका आहेच, दात्याच्या पेशी उलटू शकतात, आणि दाता किती जुळतो यावर बरंच अवलंबून असतं. तुम्ही फोनवर म्हणालात की मुलाला अकरा वर्षांची सख्खी बहीण आहे. भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दाता जुळतो का हे सांगणारी एचएलए तपासणी करून घ्या. ती वाहक आहे का तेही डॉक्टर पाहतील. तिला विश्वासात घेऊन, तिच्या वयाला कळेल असं सांगून मगच न्या.

खर्चाचा आकडा ऐकून मागे फिरू नका. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात प्रत्यारोपणाने बरे होऊ शकणाऱ्या आजारांच्या गटात सीजीडीचं नाव आहे. धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती तुमच्या हातात येत नाही, नेमलेल्या केंद्रामार्फत उपचारासाठी दिली जाते, आणि मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. नोंदणी तिथेच करावी लागते, म्हणून तुमच्या बहिणीच्या रक्तासाठी जाल त्याच फेरीत चौकशी करा.

जाण्याआधी आईपाशी बसा. भावाबद्दल विचारा. घरात तो विषय निघत नसेल, मला कल्पना आहे. गाठी कुठे आल्या होत्या, पहिली कितव्या महिन्यात, पोट बिघडायचं का, बीसीजीची जखम भरली होती का, कुठल्या दवाखान्यात ठेवलं होतं. आईचे स्वतःचे भाऊ, मावश्यांचे मुलगे, कोणी लहानपणी गेलं का. हे सगळं एका कागदावर लिहून मुलाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, रिपोर्टांच्याही आधी.